फौजदाराचा दहावा

सुंदरनगर, माजलगाव
१६ जून २०२४

प्रिय वनू,

आलो एकदाचे. टेम्पोतून उतरवताना कपाटाचा आरसा फुटला, गॅसची शेगडी कोणत्या पोत्यात आहे ते अजून सापडलेलं नाही, आणि सम्यकने नव्या घराच्या पहिल्याच भिंतीवर खडूने रेल्वे काढली. पण आलो. भाड्याच्या त्या खोल्यांत घरमालकीण आरोहीला जिन्यातसुद्धा खेळू देत नव्हती. इथे पोरगी सकाळी डोळे चोळत उठते ती थेट अंगणात पळते. सासूबाई तर दारातच बसून असतात. "लई हवा हाय गं," एवढंच दिवसभर चाललेलं असतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. बाई, तुझा फोन तुमच्या ओसरीवर असतो आणि सदा स्पीकरवर असतो. मागच्या खेपेला मी विचारलं, "तुझे मामंजी झोपले का?" तर तेच म्हणाले, "न्हाई झोपलो, बोला." त्यापेक्षा अंबाजोगाईच्या वसतिगृहातली आपली सवय बरी. तेव्हा सुट्टी लागली की आपण एकमेकींना केवढी लांबलचक पत्रं लिहायचो!

हे घर झालं ते तुझ्यामुळे, हे मी आधीच लिहून टाकते. याआधी आम्ही जिथे जिथे प्लॉट बघायला गेलो तिथे आडनाव सांगितलं की प्लॉट कालच विकला गेलेला असायचा. तुझ्या मामंजींनी त्यांच्या या रानात प्लॉट पाडले, तू शब्द टाकलास, आणि सुंदररावांनी आम्हाला आडनाव विचारलंही नाही. संजय म्हणतो, "विचारतील कशाला, त्यांना माहीतच होतं." संजयचं सोड. वीज कंपनीतल्या माणसाला सगळीकडे शॉर्टसर्किटच दिसतं.

आता शेजारच्या प्लॉटवर तुम्ही कधी बांधताय? आपलं ठरलंय, विसरू नकोस. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत घालायची नाही. तुझी संस्कृती आणि माझी आरोही स्वयंपाकघरातून स्वयंपाकघरात पळाल्या पाहिजेत.

एक सांगायचं राहिलं. इथे वानरं आहेत, काळ्या तोंडाची. मोठा कळप आहे. कालव्याकडच्या चिंचेवर झोपतात आणि सकाळी पाण्याच्या टाक्यांवर येऊन बसतात. पोरांना मजा वाटते. मला मात्र जरा भीती वाटते. सम्यक अजून दुडूदुडू चालतो, आणि गच्चीचं दार त्याला उघडता येतं.

तुझी
अंजली

सिरसाळा
२९ जून २०२४

अंजू,

पोस्टमनने तुझं पत्र मामंजींच्या हातात दिलं आणि त्यांनी ते न फोडता मला दिलं. या घरात मला मिळालेला हा सगळ्यात मोठा मान समज.

घर झालं, माझा जीव भांड्यात पडला. आमचं बांधकाम यंदा होईल असं वाटत नाही. आमच्या ह्यांच्या डोक्यात जिल्हा परिषदेचं वारं शिरलंय. सकाळी पांढरे कपडे घालून बाहेर पडतात ते रात्री पिवळे होऊन येतात. मामंजी म्हणतात, "रामला एकदा उभा करू, मग घराचं बघू." आपल्या भिंतीचं मात्र पक्कं. म्हणजे भिंत न घालण्याचं.

इकडे एक आनंदाची गोष्ट आहे. यंदा मोसंबीला फळ धरलं आणि ते चक्क झाडावर टिकलं. आजवर वानरं लिंबाएवढंसुद्धा होऊ देत नव्हती. त्यांचा म्होरक्या एक अर्ध्या शेपटीचा हुप्प्या होता, आम्ही त्याला फौजदार म्हणायचो. रुबाब तसाच होता. माझ्या हातातली भाकरी त्याने ओढून नेली होती, आणि राखणीच्या कुत्र्याला तर फाडलंच. हातात काही दिसलं की झडप. शेवटी मामंजींनी उन्हाळ्यात कुठून तरी पिंजरेवाले आणले आणि सगळा कळप टेम्पोत भरून लांब नेऊन सोडला. कुठे ते मला माहीत नाही, बायकांना कोण सांगतंय! तू मात्र कुठे बोलू नकोस. असं करायला परवानगी लागते म्हणे.

तुमच्याकडच्या वानरांचं एवढं मनावर घेऊ नकोस. रानातली वेगळी आणि वस्तीतली वेगळी. तुमच्या कॉलनीतले लोक शनिवारी त्यांना फुटाणे टाकत असतील तर तूही टाक. नवी जागा आहे, चार माणसांत मिसळून राहा. तुला ते जरा जडच जातं, मला माहीत आहे. वसतिगृहातसुद्धा सगळ्या पोरी हो म्हणाल्या की तू नाही म्हणायचीस.

आरोहीला आणि सम्यकला गोड पापे. तुझ्या सासूबाईंना, भिमामावशींना, नमस्कार.

तुझी
वनू

सुंदरनगर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय वनू,

तुझं ऐकलं. शनिवारी फुटाणे टाकले.

कसं झालं ते सांगते. आमच्या समोरच्या घरात बायनाबाई राहतात. मुलगा साखर कारखान्यात कामाला आहे. कॉलनीतली सगळ्यात वडीलधारी बाई म्हणून त्यांचाच शब्द चालतो. आम्ही राहायला आल्यापासून त्या मला "अगं ए" म्हणायच्या. नाव माहीत होतं, तरी "अगं ए". मी त्यांना दोनदा चहाला बोलावलं, दोन्ही वेळा त्यांचा उपवास निघाला. मग आषाढातल्या एका शनिवारी मी आरोहीला घेऊन खाली उतरले आणि सगळ्या बायकांबरोबर मोकळ्या जागेत फुटाणे आणि केळी ठेवली. नकाशात त्या जागेवर 'मुलांसाठी बाग' असं लिहिलंय, अजून तिथे नुसती कुसळं आहेत. बायनाबाई म्हणाल्या, "अंजली, लेकराच्या हातानं दे. लेकराच्या हातचं त्यो मारुतीराया लौकर घेतो." त्यांनी मला नावाने हाक मारली, वनू. त्याच दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि अर्धा कप चहा प्यायल्या. पूर्ण नाही, पण अर्धा प्यायल्या.

हसू नकोस. मला त्या अर्ध्या कपाचा आनंद झाला आणि लाजही वाटली. संजय दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणाला, "चहासाठी पोरीचा हात पुढं करतीस व्हय? हातातनं खायची सवय लागली तर उद्या त्ये हातच धरंल." मी म्हणाले, तुम्ही कामावर जाता, इथे दिवसभर मला राहायचं असतं.

हो, एक गंमत सांगते. इथल्या म्होरक्याचीही शेपूट अर्धीच आहे. डावा कान फाटलेला आणि बसण्याचा रुबाब असा की जणू सोसायटीचा चेअरमन. तुमच्या फौजदाराचा भाऊबंद दिसतो. प्रत्येक कळपात असा एखादा असतोच वाटतं.

परवा त्याने समोरच्या पोराचा डबा दप्तरासकट नेला. सगळे हसले. मी गच्चीच्या दाराला आणि खिडक्यांना जाळ्या लावून घेतल्या आहेत. आता घर पिंजऱ्यासारखं दिसतं. आत आम्ही.

तुझी
अंजली

सिरसाळा
२० ऑगस्ट २०२४

अंजू,

घाईत लिहिते आहे, घरात पाहुणे आहेत.

चहाचं वाचून बरं वाटलं. हळूहळू पूर्ण कपही पितील. जाळ्या लावल्यास ते बरं केलंस, त्या ठेवच. शेपटीचं काय घेऊन बसलीस, वानरं आपसात भांडतात आणि शेपट्या तुटतात. मागच्या पत्रात मी ते पिंजऱ्याचं लिहिलं होतं ते तू कुणाजवळ बोलली नाहीस ना? संजयभाऊंजवळही नको. आमचे हे आता चार लोकांत बसतात उठतात, उगीच विषय व्हायला नको.

पोरांना सांभाळ.

वनू

सुंदरनगर
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय वनू,

आरोहीला वानर चावलं.

मंगळवारी दुपारी शाळेच्या रिक्षातून उतरली आणि दारापर्यंत चालत येत होती, एवढंच. हातात काही नव्हतं. फ्रॉकच्या खिशात शनिवारचे चार फुटाणे राहिले असतील. तो अर्ध्या शेपटीचा टाकीवरून सरळ तिच्या अंगावर उतरला आणि हात पुढे कर म्हणून तिचा हातच ओढायला लागला. शनिवार आपल्याला कळतो, त्याला कुठला कळायला! पोरीने हात मागे घेतला तर दंडाला धरलं. सासूबाई काठी घेऊन धावल्या म्हणून सुटली. सरकारी दवाखान्यात टाके घातले, आता रेबीजची इंजेक्शनं चालू आहेत. ती रडत नाही. बाहेर पानं वाजली की कॉटखाली जाऊन बसते. शाळेत जायचं नाही म्हणते.

संजय मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बायनाबाई आल्या. हळद घेऊन आल्या आणि खरंच रडल्या. मग जाताना म्हणाल्या, "वाईट वाटून घिऊ नको. मारुतीनं शिवलंय, पोरीचं भलंच हुईल." वनू, मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. 

वनखात्यात गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, सगळ्या कॉलनीने मागणी केली तर पथक आणतो, एकट्याच्या सांगण्यावरून आणलं तर लोक आमच्याच अंगावर येतात. मी दारोदार फिरले. सगळ्यांच्या घरात लहान मुलं आहेत. तरी एकही जण हो म्हणाला नाही. एकजण तर म्हणाला, "तुमच्यात देव मानत न्हाईत, आमच्यात मानतात." मी म्हणाले, तुमच्यात मुलं असतात ना?

आता तूच बघ. सुंदररावांनी एक फोन केला तरी कॉलनी ऐकेल, जागा त्यांचीच होती. त्यांना सांग. माझ्यासाठी नको, आरोहीसाठी सांग. तिच्या बारशाला नाव तूच कानात सांगितलं होतंस.

तुझी
अंजली

सिरसाळा
२७ ऑक्टोबर २०२४

अंजू,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. लगेच निघून यावं असं वाटत होतं, पण इकडे दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक एकदमच आली आहे. घरात रोज पन्नास माणसांचा स्वयंपाक असतो. पोरीच्या हातासाठी दवाखान्यातून दुसरं एखादं मलम आणलंस का? वण राहायला नको, मुलीची जात आहे.

मामंजींशी बोलले. ते म्हणाले, "आत्ता लोकांच्या देवाला हात लावून कसं चालंल? निवडणूक हू दे." त्यांचंही बरोबर आहे गं. आणि वनखात्याला तर आता अजिबात बोलवू नका, ती माणसं नाही नाही ते विचारत बसतात. निवडणूक झाली की मी स्वतः पुन्हा विषय काढते. तोवर आरोहीला आजोळी ठेवता येत नाही का?

मला काय वाटतं ते इथून कळणार नाही तुला. मी काही करत नाही असं समजू नकोस.

तुझीच
वनू

सुंदरनगर
८ डिसेंबर २०२४

वनू,

निवडणूक झाली. तुझं पत्र आलं नाही. आता मीच लिहिते, कारण तो विषय तू काढण्याआधीच संपला.

परवा सहा डिसेंबरला आम्ही सगळे सकाळी अभिवादनाला गेलो होतो. परत आलो तर आमच्या दारासमोर गर्दी. आमच्या घरासमोरच्या डीपीवर तो अर्ध्या शेपटीचा चढला आणि तारेला चिकटला. खाली पडलेला होता. बायका रडत होत्या, कुणी हार आणला होता, कुणी उदबत्ती लावली होती. आम्ही पांढऱ्या कपड्यांत होतो. दर वर्षी सहा डिसेंबरला असतोच. गर्दीतून एकजण म्हणाला, "बघा, सुतकाचे कपडे घालूनच आले. ह्यांना आदीच ठाव होतं."

तिथून सुरू झालं. लाइटवाल्याच्या दारातच कसा चिकटला? पोरीचा राग काढला. खिडकीच्या जाळीत करंट सोडला. वनू, संजय सकाळपासून आमच्यासोबत होता, हजार माणसांनी त्याला पाहिलं. त्याने डीपी दाखवला, तार दाखवली, समजावून सांगितलं. 

मग वाजतगाजत अंत्ययात्रा निघाली. ट्रॅक्टर सजवला, भजनी मंडळ आणलं, आणि पुरलं कुठे? त्या मोकळ्या जागेत, 'मुलांसाठी बाग'मध्ये. आता तिथे मंदिर होणार म्हणे. माझ्या पोरीला जो चावला त्याच्या पाया पडून तिने रोज शाळेत जायचं.

आणि जायचं तरी कसं? रिक्षावाल्याने काल सांगितलं, "वहिनी, पोरीला दुसरी गाडी बघा. बाकीचे आईबाप तयार न्हाईत." सामाईक बोअरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आमच्याच वेळेला बंद होतो. सम्यकशी खेळायला येणारी समोरची पोरं आता दारातूनच हात हलवतात, तेही आई बघत नसेल तर. बायनाबाई म्हणतात, ज्याच्या दारात मारुती पडला त्या घराने सुतक धरायचं, नाहीतर सगळ्या कॉलनीला बाधा होते. येत्या रविवारी दहावा आहे.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. सुंदरराव दहाव्याला येणार आहेत, सगळे त्यांचं ऐकतील. त्यांनी चार माणसांत एवढंच म्हणावं, हा अपघात होता, संजयचा यात काही संबंध नाही. एक वाक्य पुरे. नाहीतर आम्हाला इथे राहता येणार नाही, आणि दुसरीकडे कुठे आम्हाला कोण जागा देतं ते तुला माहीत आहे.

अंजली

सिरसाळा
१२ डिसेंबर २०२४

अंजू,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून आमचा ड्रायव्हर हनुमान, त्याच्या हाती पाठवते. सोबत मोसंबी आहेत, शेवटच्या तोडीची. पोरांना रस काढून दे.

काळजी सोड. विषय मिटवला, आणि मार्ग मीच काढला बघ. मामंजी आधी ऐकूनच घेत नव्हते. म्हणत होते, "मी कसं सांगू अपघात हाय? उद्या लोक मलाच इचारतील." मग मी म्हणाले, मामंजी, संजयभाऊंनी दहाव्याला बसावं. केस द्यावेत, पाणी सोडावं, म्हणजे लोकांचं समाधान होईल आणि कुणी पुन्हा नाव घेणार नाही. त्यांना पटलं. त्यांनी लगेच कॉलनीत फोन केला, सगळे तयार आहेत. रिक्षावालाही येईल सोमवारपासून.

तुला राग येईल, मला माहीत आहे. पण अंजू, चार लोकांत राहायचं तर थोडं वाकावं लागतं. मी इथे किती वाकते ते तुला कुठे दिसतं? केसांचं काय गं, महिन्याभरात येतात. संजयभाऊंना तू समजाव, तुझं ऐकतील ते. एवढं झालं की सगळं पहिल्यासारखं होईल. पुढच्या वर्षी आमचं घर सुरू झालं की मी तिथेच येऊन राहणार आहे.

तुझी
वनू

सुंदरनगर
५ जानेवारी २०२५

वनमाला,

तुझा हनुमान पत्र आणि मोसंबी घेऊन आला तेव्हा आमच्या दारासमोर फ्लेक्स लागला होता. हार घातलेला वानराचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली सुंदररावांचा हात जोडलेला फोटो. हनुमान टोपली डोक्यावर तशीच ठेवून बघत उभा राहिला. मग मला म्हणाला, "ताई, ह्यो तर फौजदार! ह्याला म्याच आनून सोडलंता हितं उन्हाळ्यात. सायेब म्हनले, माजलगावच्या आपल्या रानात सोडून ये, तितं सध्या कोन राहतंय?" आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. माझ्या पाया पडायला लागला. म्हणाला, "कुनाला सांगू नगा, माझी लेकरं हायत."

मी संजयला सांगितलं. मला वाटलं, आता तो उठेल आणि सगळ्यांसमोर बोलेल. तो म्हणाला, "बोललो तर आदी हनुमानला आत टाकतील. गाडी त्योच चालवत व्हता. सुंदररावांच्या अंगाला काय बी लागत न्हाई. आन् आपली पोरगी सोमवारी शाळेत कशी जाईल ती सांग."

रविवारी तो बसला. तुझ्या मनासारखं झालं.

संजयचे वडील मागच्या वर्षी गेले तेव्हा तू आली होतीस. जलदान विधीला पुढच्या रांगेत बसली होतीस. कचरूमामांनी जाण्याआधी मुलाला जवळ बोलावून सांगितलं होतं, "माज्यामागं केस काढायचे न्हाईत, पानी सोडायचं न्हाई. माज्या बापानं छप्पन साली सोडलंय त्ये." हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "किती ठाम माणूस गं." त्या बापासाठी ज्याने केस काढले नाहीत, त्याने तुमच्या मोसंबीतल्या हुप्प्यासाठी काढले. आरोहीच्या दंडावर ज्याचे दात आहेत त्याच्यासाठी. न्हावी वस्तरा फिरवत होता आणि भोवतीची माणसं मोबाइलवर शूटिंग करत होती.

तुझ्या मामंजींनी केस दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची पक्षाची बैठक होती. फेटा बांधून माइकवर बोलले, "आपला मारुती गेला, पर जाता जाता समाजाला एक करून गेला." नंतर बुंदीची पंगत झाली. आम्हाला शेवटी वाढलं, वेगळ्या बाजूला. तुझ्या मार्गात ते होतं की नाही मला माहीत नाही.

सासूबाई दार लावून घरातच बसल्या होत्या. संजय आत आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुह्या बापाला म्या आता काय सांगू?" आरोहीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पप्पा, आजोबा गेले तवा तर तुमी केस काढले न्हवते. आपलं कोन मेलं?" ती आता कॉलनीतल्या पोरांसारखं बोलायला लागलीय. संजयने टोपी घातली आणि कामावर निघून गेला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

तू वाकतेस हे खरं असेल. पण तू वाकलीस तेव्हा पाठ आमची मोडली.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते आता लिहिते. तुला ऑगस्टपासून माहीत होतं. मी गमतीने अर्ध्या शेपटीचं लिहिलं, तेव्हा तू घाईत लिहिलंस की शेपट्या भांडणात तुटतात. तुला पाहुण्यांची घाई नव्हती. मी बावळट, भाऊबंद म्हणून हसले. वनमाला, तू मामंजींविरुद्ध उभं राहावंस असं मी कधी म्हटलं नसतं. तुझं घर मला कळतं. एक ओळ फक्त लिहायची होतीस, अंजू, पोरांना जप, हा आमच्याकडचा आहे, हातावर झडप घालतो, त्याला हाताने खायला देऊ नका. मी ते पत्र वाचून चुलीत टाकलं असतं आणि कुणालाही सांगितलं नसतं. पुढे आरोहीच्या हातून एकही फुटाणा दिला नसता. तुला कळल्यानंतर सात आठवडे ती दर शनिवारी त्याच्यासमोर हात पसरून उभी राहत होती. त्या प्रत्येक शनिवारी तुला माहीत होतं.

मोसंबी सगळी हनुमानच्या लेकरांसाठी परत दिली. ती गोड होती म्हणे.

आम्ही घर सोडणार नाही. सोडून जायला दुसरी जागा नाही म्हणून नाही, हे आमचं घर आहे म्हणून. आरोही शाळेत जाते. मंदिर होणार त्या जागेवरून जाताना माझा हात घट्ट धरते आणि खाली बघून चालते. बायनाबाई परवा आल्या होत्या, मी चहा केला नाही.

तुझ्या प्लॉटच्या बाजूने मागच्या आठवड्यात भिंत घालून घेतली. तुम्ही बांधाल तेव्हा बांधा. गवंडी दिपालीचा भाऊ होता, आपल्या वसतिगृहातली दिपाली. आधी पुरुषभर उंचीची सांगितली होती, मग मीच आणखी वाढवायला लावली. तो म्हणाला, "ताई, वानराला भिंत काय करती? एका उडीत येतंय त्ये. कावून उंची वाढवता?"

मी म्हणाले, घाला तुम्ही. वानरांसाठी नाहीये ती.

अंजली